डागडुजी आणि कायापालट

पांढुर्णा आणि सौंसर या सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील दोन गावांचे बाजार, सोयरीक, संत्र्याच्या बागा आणि घरातली मराठी बोली ही सारी एकमेकांत मिसळून गेलेली असली, आणि २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात ती दोन्ही एकाच छत्राखाली आली असली, तरी त्यांच्या वाट्याला आलेले लोहमार्ग मात्र सर्वस्वी भिन्न प्रकृतीचे आहेत. पांढुर्ण्यावरून जातो तो नागपूर-इटारसी हा उत्तर-दक्षिण वाहतुकीचा राजमार्ग. त्याच्यावर अहोरात्र गाड्या धावत असल्यामुळे त्याची दुरुस्ती वाहतूक चालू ठेवूनच करावी लागते, आणि म्हणून दोन गाड्यांमधल्या तास-दोन तासांच्या ‘ब्लॉक’मध्ये गँगमनांची टोळी येते, खडी दाबते, सैल झालेल्या चाव्या आवळते, झिजलेला रूळ काढून नवा बसवते आणि पुढच्या गाडीची वेळ होण्यापूर्वी बाजूला होते. प्रवाशाला या कामाची वार्ताही नसते.

सौंसरची कथा निराळी आहे. तेथे विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून नागपूर-छिंदवाडा ही ७६२ मिलिमीटर मापाची, म्हणजे अवघ्या अडीच फुटांची ‘छोटी लाइन’ होती, आणि तिच्या संथ गाडीने तीन पिढ्यांची लग्ने, मयते आणि शाळा-कॉलेजे सांभाळली. २०१५ च्या अखेरीस ती गाडी थांबली, जुने रूळ उपटले गेले, पूल नव्याने बांधले गेले, काही वर्षे स्थानक ओस पडले, आणि त्यानंतर १,६७६ मिलिमीटर मापाच्या मोठ्या लाइनीवरून नवी गाडी आली. जुना एकही डबा या नव्या रुळांवर चालण्याजोगा नव्हता. पांढुर्ण्याच्या मार्गावर जे अखंड चालते ती डागडुजी होय, आणि सौंसरच्या मार्गाचे जे झाले तो कायापालट होय. घरातल्या संगणकाच्या मुक्तस्रोत प्रणालीविषयी ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ हे जे दोन शब्द सदैव जोडीने कानी पडतात आणि बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात, त्यांच्यातला भेद नेमका हाच आहे. प्रणालीची आवृत्ती तीच ठेवून तिच्यातले दोष दुरुस्त करणे, उघडी राहिलेली खिंडारे बुजवणे, हे अपडेट. आणि एक आवृत्ती सोडून पुढच्या आवृत्तीवर सगळा संसार हलवणे, हे अपग्रेड.

हा विषय आज सामान्य वाचकापुढे मांडण्याचे कारण असे की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नियमित दुरुस्ती तिच्या निर्मात्यांनी थांबवली, आणि पुढची आवृत्ती ज्यांच्यावर चढत नाही अशी अनेक धडधाकट यंत्रे तेव्हापासून घराघरांत आणि दुकानांत पोरकी झाली. अशा यंत्रांवर लिनक्सवर आधारलेली एखादी मुक्तस्रोत प्रणाली बसवण्याचा सल्ला कोणी जाणता भाचा किंवा पुतण्या देतो, पेनड्राइव्हवरून ती चालवून दाखवतो, मग यंत्रावर कायमची बसवतो आणि पुण्याला किंवा नागपूरला निघून जातो. मागे उरलेल्या माणसाला काही दिवसांनी पडद्यावर सूचना दिसते की अमुक इतक्या सुधारणा उपलब्ध आहेत, आणि त्याचा हात माउसवर थबकतो. त्या थबकलेल्या हातासाठी हा लेख आहे.

प्रथम या प्रणालीचे कुळ पाहू. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त प्रणाली घडवण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, लोकांसाठी खुला केला, १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन नावाची संपूर्ण प्रणाली आरंभली, आणि ऑक्टोबर २००४ मध्ये डेबियनवरून उबुंटू निघाली. आमच्याकडच्या बागाइतदाराला हे नाते समजावून सांगण्याची गरजच नाही. नागपुरी संत्र्याचे झाड बीपासून कोणी वाढवीत नाही. जंबेरीच्या काटक खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, आणि मुळे जंबेरीची व फळ संत्र्याचे असा तो वृक्ष उभा राहतो. डेबियन हा खुंट, उबुंटू हे त्याच्यावरचे कलम, आणि उबुंटूवर पुन्हा लिनक्स मिंटचे कलम. खुंटाला रोग लागला तर वरच्या फळाला तो बाधतो, आणि खुंटावर औषध पडले तर त्याचा गुण कलमापर्यंत पोहोचतो. म्हणूनच डेबियनमध्ये दुरुस्त झालेल्या कितीतरी गोष्टी कालांतराने आपल्या पडद्यावर ‘सुधारणा’ म्हणून अवतरतात.

आता त्या सुधारणा येतात कोठून? मुक्तस्रोत प्रणालीत हजारो लहान-मोठे कार्यक्रम ‘पॅकेज’ या रूपाने एका मध्यवर्ती कोठारात ठेवलेले असतात, आणि त्या कोठारातील मालाची यादी कोठारपालांच्या गुप्त किल्लीने, म्हणजे जुन्या भाषेत मोहरेने, अंकित केलेली असते. आपल्या यंत्राजवळ त्या मोहरेची ओळख पटवणारी खूण आधीपासून असते. यादीवरील मोहर खरी ठरली, आणि उतरवून घेतलेल्या प्रत्येक पॅकेजाचा गणिती ठसा यादीतल्या नोंदीशी तंतोतंत जुळला, तरच ते पॅकेज रुजू होते. वाटेत कोणी मालात भेसळ केली तर ठसा बदलतो आणि यंत्र तो माल नाकारते. रस्त्यावर कोणीही हाती दिलेल्या पेनड्राइव्हमधून कार्यक्रम चढवण्यापेक्षा कोठारातून घेणे शतपटीने श्रेयस्कर, ते या बंदोबस्तामुळे.

येथे शब्दांचा एक घोळ आहे आणि तो नवशिक्यांना फार छळतो. उबुंटूत किंवा डेबियनमध्ये ‘सुडो ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा (ती अर्थात रोमन अक्षरांत द्यावयाची) दिली असता यंत्रात काहीच बदलत नाही. फक्त कोठाराची ताजी यादी मागवली जाते. प्रत्यक्ष माल येतो आणि बसतो तो त्यानंतरच्या ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ या आज्ञेने. आणि तरीही ते आपण वर म्हटलेले आवृत्तीचे अपग्रेड नव्हे, ती डागडुजीच. आवृत्तीचा कायापालट करणारी आज्ञा तिसरीच आहे. या नामकरणाबद्दल तक्रार करण्यात आता अर्थ नाही. परंतु जो शिकवतो त्याने हे पहिल्याच दिवशी सांगावे, कारण पहिली आज्ञा देऊन निश्चिंत झालेली आणि वर्षभर एकही दुरुस्ती न पोहोचलेली यंत्रे मी स्वतः पाहिली आहेत. आज्ञांची भीती वाटणाऱ्यासाठी ‘सॉफ्टवेअर अपडेटर’ नावाची खिडकी आहेच. ती दोन्ही कामे ओळीने करते. सुरक्षेसंबंधीच्या अत्यावश्यक दुरुस्त्या तर उबुंटू आपण होऊन रोज शोधते आणि न विचारता बसवते.

डागडुजीला का भ्यावयाचे नाही, याचे एक कारण मला विशेष समाधान देते. कर्नल नवा आला म्हणजे जुना लगेच पुसून टाकला जात नाही. तो जवळच ठेवला जातो, आणि नव्या कर्नलने यंत्र नीट उठेनासे झाले तर आरंभीच्या यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली जाऊन जुना निवडता येतो. नव्या पुलावरून पहिली गाडी सुखरूप जाईपर्यंत जुना पूल पाडू नये, हा कोणाही शहाण्या अभियंत्याचा दंडक, आणि तो या प्रणालीत मुरलेला आहे.

डागडुजी लांबवल्याने काय होते ते जगाने मे २०१७ मध्ये पाहिले. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर कार्यक्रमाने त्या महिन्याच्या १२ तारखेपासून देशोदेशीच्या विंडोज यंत्रांतील दप्तरे कुलूपबंद केली, इंग्लंडमधील रुग्णालयांचे कामकाज अडले. आणि ज्या खिंडारातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, प्रसिद्ध झालेली होती. औषध फडताळात होते. घेतले गेले नव्हते. मुक्तस्रोत प्रणालीलाही असे रोग होतात, आणि त्यांच्या बाबतीतही हाच न्याय लागू आहे.

परंतु घाईचाही एक धोका असतो, आणि तो २९ मार्च २०२४ रोजी उघडकीला आला. आन्ड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अकारण विलंब जाणवला. दुसऱ्या कोणी तो दुर्लक्षिला असता, पण त्यांनी मूळ शोधले, आणि ‘एक्सझेड’ नावाच्या, दप्तरे दाबून लहान करणाऱ्या एका साध्या कार्यक्रमाच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी दीर्घकाळ विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसवला असल्याचे सिद्ध केले. ज्यांना सर्वांत नवे ते सर्वांत आधी हवे असते त्यांच्या, चाचणीच्या आवृत्त्यांमध्ये तो शिरला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोहोचलाच नव्हता, आणि उबुंटूच्या येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी-प्रत आठवडाभर रोखून तिचा सारा माल नव्याने बांधला गेला. या घटनेतला सर्वांत हृद्य भाग मला हा वाटतो की, स्रोत उघडा होता म्हणूनच एका जागरूक माणसाला तो उलगडून पाहता आला. सामान्य गृहस्थाने यातून आपल्यापुरता व्यवहार ठरवावा: दुरुस्त्या येताक्षणी घ्याव्यात, पण आवृत्ती मात्र स्थिरावलेलीच घ्यावी.

स्थिरावलेली कोणती, हे ओळखणे सोपे आहे. उबुंटूची नवी आवृत्ती दर एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये येते व तिचे नाव म्हणजे वर्ष आणि महिना. त्यांपैकी दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलात येणारी आवृत्ती दीर्घ मुदतीची असते आणि तिची पाच वर्षे निगा राखली जाते. २०.०४ ची ही मुदत मे २०२५ मध्ये संपली, २४.०४ ची २०२९ मध्ये संपेल. नाव नोंदवणाऱ्या खाजगी व्यक्तीला पाच यंत्रांपर्यंत ही मुदत विनामूल्य दहा वर्षांपर्यंत वाढवून मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कायापालट करताना मधली पायरी गाळता येत नाही: २०.०४ वरून प्रथम २२.०४ वर, आणि मग २४.०४ वर.

घरच्या यंत्राच्या पलीकडे या साऱ्याचे महत्त्व किती आहे ते पाहावयाचे तर न्यायालयाकडे पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने ई-कोर्ट्स योजनेत देशभरच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी मुक्तस्रोत उबुंटू स्वीकारली, तिला न्यायालयीन कामाच्या गरजेनुसार घडवले, आणि खटल्यांच्या नोंदींची ‘सीआयएस’ ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातील अभियंत्यांनी तिच्यावर उभी केली. ज्या आवारात एके काळी बस्त्यात बांधलेली मिसल, पेशकाराची टाचणे आणि रोजनाम्याचे जाड बाड एवढेच दप्तर होते, तेथे आज प्रत्येक दाव्याला सोळा चिन्हांचा एक क्रमांक मिळतो, आणि सौंसरच्या शेतकऱ्याला आपल्या मुकदम्याची पुढची तारीख बांधावर उभे राहून पाहता येते. हजारो न्यायालयांसाठी परवान्यांचा खर्च वाचला ही गोष्ट मोठी खरीच; पण न्यायदानाचे दप्तर कोणा एका परदेशी मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाही, ही मला त्याहून मोठी वाटते. मात्र मालक नसला म्हणजे तगादा लावणाराही कोणी नसतो. १६.०४ ची मुदत २०२१ च्या एप्रिलात संपली, १८.०४ ची २०२३ च्या मे महिन्यात. अशा प्रत्येक मुदतीला, यंत्र न्यायालयातले असो की किराणा दुकानातले, त्याची आवृत्ती पुढे नेण्याचा भार ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्याच्यावरच येतो.

हा भार मी एकदा अपुऱ्या तयारीनिशी उचलला होता. ऑगस्ट २०२२ मधील श्रावणाची दुपार होती, २०.०४ वरून २२.०४ वर जाण्याची सूचना पडद्यावर आली होती, घरात वेळ होता, आणि मी होकार दिला. माल उतरून झाला, जुने काढून नवे बसवण्याचे काम निम्म्यावर आले, आणि पावसाच्या एका जोरदार सरीबरोबर वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली होती. यंत्र तत्क्षणी विझले. वीज आल्यावर जे उठले ते नेहमीचे चित्र नव्हते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी होत्या आणि त्यांच्या शेवटी चमकणारी एक रेघ. त्या यंत्रात पत्नीच्या शाळेचे दहा वर्षांचे कागद आणि वडिलांच्या आवाजाची एकमेव ध्वनिफीत होती, आणि त्या दोहोंची नक्कल दुसरीकडे कोठेही नव्हती.

सुदैवाने या प्रणालीचा कारभार एखाद्या जुन्या चोख कचेरीसारखा चालतो. पॅकेजे बसवणारा ‘डीपीकेजी’ हा कारकून प्रत्येक पॅकेजाची अवस्था एका वहीत लिहून ठेवीत असतो: हे उलगडले पण जुळवले नाही, हे अर्धवट जुळवले, हे पूर्ण रुजू झाले. मध्येच दिवा विझला तरी वही शाबूत राहते. नागपूरच्या एका स्नेह्याने फोनवरून सांगितल्याप्रमाणे मी ‘रिकव्हरी’चा मार्ग धरला आणि ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही एक ओळ टंकली. तिचा अर्थ इतकाच, की जे जे अर्धवट राहिले आहे ते ते वहीवरून पाहून पुरे कर. ओळीमागून ओळ सरकू लागली. कोठे कोठे यंत्राने थांबून विचारले, की अमुक मांडणी तुम्ही स्वतः बदललेली दिसते, तर तुमची ठेवू की नवी घेऊ. आपण हेतुपुरस्सर केलेला बदल राखावा, या बेताने मी जुनीच ठेवण्यास सांगितले. चाळीस मिनिटांनी यंत्र पूर्ववत उभे राहिले, आणि ध्वनिफितीतला आवाज मी त्याच रात्री तीन ठिकाणी उतरवून घेतला.

तेव्हापासून माझा जाबता ठरलेला आहे. आधी कागदपत्रांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर, आणि ती उघडते की नाही याची खातरजमा. मग यूपीएसची बॅटरी. मग डिस्कवर मोकळी जागा. मग चालू आवृत्तीची सगळी डागडुजी पुरी. आणि तेव्हाच कायापालटाला हात. नव्या आवृत्तीची प्रणाली पेनड्राइव्हवरून एकदा चालवून पाहिली तर प्रिंटर आणि वायफाय तिला ओळखतात की नाही तेही आधी कळते, कारण छोट्या लाइनीच्या डब्यांप्रमाणे काही जुनी उपकरणे नव्या मापावर येतच नाहीत. कोठाराबाहेरून जोडलेले इतरांचे स्रोत अपग्रेडच्या वेळी प्रणाली आपण होऊन बंद करते. ते एकेक तपासून नव्याने जोडावे लागतात. फार जुन्या, बत्तीस-बिटी यंत्रांचा मार्ग तर आता खुंटत चालला आहे: डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर ती नव्याने बसवण्याची सोय उरलेली नाही.

आमच्या भागाला या सुधारणांची आणखी एक आस्था आहे, आणि ती भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. कचेरीची भाषा हिंदी आणि चुलीजवळची मराठी, अशी येथली रीत. लिपी एकच असल्यामुळे यंत्राला हिंदी आली की मराठीही आलीच, असा पुष्कळांचा समज असतो, पण तो खरा नाही. समुद्राचा ‘दर्या’ आणि डोंगरातल्या ‘दऱ्या’ यांतला फरक ज्या अर्ध्या ‘र’ने दाखवला जातो तो मराठीचा आहे, आणि जुन्या यंत्रांवर त्या ‘ऱ्या’ची नित्य मोडतोड होई. तो नीट उमटावा म्हणून युनिकोडमध्ये त्याची तरतूद झाली, ‘लोहित मराठी’ हा मुक्त टंक तयार झाला, अक्षरे जुळवणारे कार्यक्रम सुधारत गेले, आणि हे सारे आपल्यापर्यंत पोहोचले ते याच रोजच्या डागडुजीच्या वाटेने. प्रणालीच्या मराठी सूचनाही कोणा कोणा स्वयंसेवकांनी एकेक ओळ अनुवादून दिलेल्या आहेत. म्हणून नवी आवृत्ती आली की काही नव्या ओळी प्रथम इंग्रजीतच दिसतात, आणि कोणीतरी मराठी माणूस त्या हाती घेईपर्यंत तशाच राहतात. पांढुर्ण्याच्या किंवा सौंसरच्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम हाती घ्यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

कायापालटासाठी काळ कोणता निवडावा, असे मला विचारतात तेव्हा मी पोळ्याच्या आसपासचा सांगतो, आणि त्याला पंचांगाबाहेरचेही कारण आहे. दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिलात निघाली तरी आधीच्या दीर्घ आवृत्तीवाल्यांना उबुंटू लगेच हाक मारीत नाही. पहिल्या काही महिन्यांतले दोष निवारून ‘.१’ अशी तिची सुधारलेली प्रत निघते, आणि तेव्हाच पडद्यावर निमंत्रण येते. ती प्रत २०२० मध्ये ६ ऑगस्टला आली, २०२२ मध्ये ११ ऑगस्टला, आणि २०२४ मध्ये २९ ऑगस्टला, पोळ्याच्या चारच दिवस आधी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते: वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकले जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवले जात नाही. त्या संध्याकाळी मी नक्कल घेतो, बॅटरी पाहतो आणि रात्री काम सुरू करतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेक होणाऱ्या पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या दिवशी, यंत्राला हात लावीत नाही, कारण त्या दिवशी साऱ्या गावाचे चित्त जाम नदीकडे लागलेले असते. नवी आवृत्ती उठून उभी राहिली की मी दुसरे काही तपासण्यापूर्वी एक कोरे पान उघडतो, त्यावर ‘दर्या’ लिहितो, खालच्या ओळीत ‘दऱ्या’ लिहितो, आणि चष्मा पुसून ती दोन अक्षरे जवळून पाहतो.